मुंग्या चावल्या नव्हत्या, आल्या होत्या

हे ज्यांच्यासाठी लिहिते आहे त्यांना कदाचित आत्ता कागद हातात धरता येत नसेल. म्हणून पलंगाशेजारी जे कुणी बसलं असेल त्यानं हे मोठ्यानं वाचून दाखवावं. हळू वाचा, मध्ये चहाला उठलात तरी चालेल. पलंगावरचं माणूस डोळे मिटून पडलेलं असलं तरी त्याला सगळं ऐकू येतं, एवढं मी खात्रीनं सांगते. मला आमच्या आत्याचंसुद्धा सगळं ऐकू येत होतं, आणि तिनं जे बोलायचं ते नेमकं माझ्या उशाशी उभं राहून बोलून घेतलं होतं.

जीपमधली जागा

माझं नाव प्रज्ञा. गाव सीमाभागात, कमलनगरच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच. अप्पा, म्हणजे माझे वडील, कमलनगरहून आजूबाजूच्या खेड्यांना जीप चालवतात. त्या जीपमध्ये मला बसता येईनासं झालं तेव्हा घरच्यांच्या ध्यानात आलं की पोरगी जरा जास्तच वाढायला लागली आहे. मागच्या बाकावर बसले की माझे गुडघे समोरच्याच्या पोटात जायचे. उतारू ओरडायचे, "ड्रायवर, हिला टपावर बसीव की, खाली दोघाला जागा व्हईल!" अप्पा हसायचे, पण मला पुढं आपल्या शेजारी घ्यायचे.

शाळेत असतानाच बंगळूरहून क्रीडा वसतिगृहाच्या निवडीला माणसं आली. मला खेळता येतं का हे त्यांनी विचारलंच नाही. उंची मोजली, तळहात बघितले, आईबापाची उंची विचारली. आई पाच फुटांच्या आत आहे हे ऐकून त्यांचा विश्वास बसेना. बास्केटबॉल हा शब्द मी ऐकला होता, तो चेंडू पाहिला नव्हता. पाहिला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हा तर माझ्या हाताच्या मापाचा आहे.

पुढं शिकले, वाढले, खेळले, आणि तिथंच बंगळूरला एका सरकारी खात्याच्या संघात खेळाडू कोट्यातून नोकरीला लागले. आपल्याकडे या खेळावर पोट भरायचं तर बहुतेकांना हीच वाट असते. कागदावर मी कारकून. टेबलावर माझ्या नावाची पाटीसुद्धा आहे, पण तिच्यामागं मी फारशी कधी बसले नाही. सकाळ-संध्याकाळ कोर्ट, मधे व्यायाम, हंगामात गावोगावचे सामने, आणि जमलं तर लीगचा करार. मी सेंटर. म्हणजे बास्केटखाली उभी राहणारी, कोपरं खाणारी आणि रिंगला आपटून परत येणारा चेंडू हवेतल्या हवेत धरणारी. आमच्या खेळात पळणाऱ्या पुष्कळ असतात. माझी भाकरी उडीवर होती. उडी गेली तर माझ्याकडे उरतं फक्त ते टेबल.

कोर्टावरची कन्नड

आमच्याकडे माणूस दोन-तीन भाषा घेऊनच मोठा होतो. घरात मराठी, बाजारात समोरच्याचं तोंड बघून कन्नड नाहीतर उर्दू. पण माझी खरी कन्नड मी कोर्टावर शिकले. पळ, थांब, तिला अडव, डोळे कुठं ठेवलेस, असली कन्नड. पंचाशी मी कन्नडमध्ये असं भांडू शकते की शेजारच्या कोर्टावरचा खेळ थांबावा. पण आजारी कसं पडायचं हे मला त्या भाषेत कुणी शिकवलं नव्हतं, कारण मी आजारी पडलेच नव्हते. बोट मोडलं, घोटा मुरगळला, तर ते दाखवलं की झालं. त्याला शब्द लागत नाहीत.

त्या वर्षी आमचा संघ कलबुर्गीला स्पर्धेसाठी आला होता. अप्पा अजून गुलबर्गाच म्हणतात. त्याच्या काही दिवस आधी माझं पोट बिघडलं होतं, ते थांबलं आणि मी विसरून गेले. स्पर्धा सुरू झाली आणि एका सकाळी बूट घालताना तळपायाला मुंग्या आल्या. पाय झटकला. गेल्या नाहीत. दुपारपर्यंत त्या घोट्यापर्यंत चढल्या. मी आमच्या लीना मॅडमना, म्हणजे कोचना, सांगितलं, "कालिगे इरुवी बंदाव." मराठीतलं वाक्य मी शब्दाला शब्द ठेवून कन्नडमध्ये नेलं होतं. पायाला मुंग्या आल्यात.

मॅडम म्हैसूरकडच्या. इरुवी म्हणजे साखरेच्या डब्यात होतात त्या मुंग्या. त्यांनी ऐकलं ते एवढंच, की या पोरीच्या पायावर मुंग्या चढल्यात. मग चांगल्या कोचनं जे करावं ते त्यांनी केलं. लॉजच्या मॅनेजरला फैलावर घेतलं, सगळ्या गाद्या गच्चीत उन्हात टाकायला लावल्या, चादरी बदलून घेतल्या. माझ्या शेजारच्या पलंगावरच्या पोरीनं पलंगाच्या पायांभोवती हळदीची रेघ ओढली. जवळच्या एका डॉक्टरनंही माझं बोलणं तसंच ऐकलं आणि चाव्यावरचं मलम दिलं. मी मुकाट्यानं ते तळपायाला चोळून खेळायला उतरले.

कन्नडमध्ये पायाला मुंग्या येत नाहीत, जोम धरतो. जोमु. एवढासा शब्द. तो माझ्याकडे नव्हता, आणि माझ्याकडे नाही हे मला माहीतही नव्हतं.

पुढच्या सामन्यात चेंडू रिंगला आपटून वर उडाला. तो कुठं येणार हे मला अंगानं कळलं होतं. मी गुडघे वाकवले, हात वर नेले, आणि पाय जमिनीवरच राहिले. चेंडू माझ्या डोक्यावरून दुसरीच्या हातात गेला. मी तिथंच बसले ती बसलेच. बाकीच्या हसल्या. मीसुद्धा हसले, आणि उठायला गेले तर उठता येईना.

हातोडी

आई आणि अप्पा जीप घेऊन कलबुर्गीच्या दवाखान्यात पोचले तोवर मला उभं राहता येत नव्हतं. पन्नाशीचे एक डॉक्टर तपासायला आले. कधीपासून होतंय, असं त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. मी पुन्हा माझी इरुवी सुरू केली. त्यांनी चष्मा लावून माझ्या पायांची कातडी बघितली, बोटांच्या बेचक्या बघितल्या.

"कुठं चावल्यात?"

"चावल्या नाहीत, आल्यात."

"कुठून आल्यात?"

आता याला काय सांगणार? आई इतका वेळ पदर तोंडाला लावून उभी होती. ती एकदम फिसकारली.

"काय म्हनायलीस गं त्यान्ला?"

"मुंग्या आल्यात म्हनून सांगायलेय की."

"आगं मग मुंग्या आल्यात म्हन की सरळ! इरुवी इरुवी काय लावलीस? इरुवी मंजी साखरंला लागतेत त्या!"

डॉक्टरांनी मान वर केली. "मुंग्या आल्यात?" ते चक्क मराठीत म्हणाले. "आल्यात? चावल्या न्हाईत?" त्यांची सासुरवाडी उदगीरची निघाली. मग ते हसायला लागले, आई हसली, मीही हसले. लॉजच्या गाद्यांचं सांगितल्यावर तर त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

तेवढं एक हसणं झालं. मग त्यांनी खिशातून रबरी हातोडी काढली आणि माझ्या गुडघ्याखाली मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही हलला नाही. त्यांनी जागा थोडी बदलून पुन्हा पहिल्यावर मारली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते मला कळलंच नाही.

"हल्ली पोट बिघडलं होतं का?" त्यांनी विचारलं.

मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या गुडघ्यावर हातोडी मारून या माणसाला माझं पोट कसं दिसलं, याचं मला त्या घाबरलेल्या अवस्थेतही नवल वाटलं.

आजाराचं नाव गुलेन बॅरी. अप्पांनी ते "गुलबर्गी" असं ऐकलं आणि पुढं कितीतरी दिवस गावात सांगत होते की पोरीला गुलबर्गी झालीय, तिकडच्या पाण्यानं होते. डॉक्टरांनी समजावलं ते असं. पोटातल्या जंतूला मारायला अंगातले शिपाई निघाले, जंतू मेला, पण शिपाई थांबले नाहीत. विजेच्या वायरीवर कव्हर असतं तसं नसांवर असतं. शिपायांनी त्यालाच शत्रू समजून कुरतडायला घेतलं. पायापासून सुरू होतं, वर चढतं, कुठं थांबेल ते सांगता येत नाही.

"चालंल का पोरगी?" अप्पांनी विचारलं.

"बहुतेक जण चालतात."

"सर, खेळता येईल?" मी विचारलं.

"आधी श्वासाचं बघू," ते म्हणाले. उडीचं मी पुढं विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही, खरं सांगायचं तर.

एका श्वासात

अतिदक्षता विभागातला पलंग मला पुरला नाही. पोटऱ्यांपासूनचे पाय बाहेर. मग एक स्टूल आणून त्यावर उशी ठेवून माझा पलंग लांबवला. तिथल्या सिस्टर रेणुका अक्का राजेश्वर गावच्या, म्हणजे आमच्याच भागातल्या. त्यांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, "बाई, तू अर्धी माझी पेशंट, अर्धी पुढच्या वार्डातली."

दर काही वेळानं मला एका श्वासात आकडे मोजायला लावायचे. छातीत जोर किती उरला आहे ते त्यावरून कळतं. मी विचारलं, कुठल्या भाषेत? कुठल्याही, ते म्हणाले. कन्नडचे आकडे लांब असतात, म्हणून मी मराठीत मोजायचं ठरवलं. एक, दोन, तीन, चार, भराभर. तेवढीच जास्त मजल. खेळाडूची जात, कुठंही गुण चोरणारच. पण चोरून चोरून किती चोरणार? प्रत्येक वेळी मी आधीच्यापेक्षा अलीकडे थांबायला लागले. हात गेले. मान उचलेना. पाणी गिळताना ठसका लागायला लागला. एकदा मी सुरुवात केली आणि श्वास संपला, तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा मोज म्हटलं नाही. त्यांनी आईला बाहेर बोलावलं, आणि मग माझ्या घशात नळी घालून मला यंत्रावर ठेवलं.

भीती वाटली का? वाटली. मरणाची वाटली, पण त्याहून वेगळीही वाटली. नाक खाजवायचं आहे आणि हात माझाच आहे, माझ्याशेजारीच पडला आहे, आणि तो येत नाही. आतून मी ओरडते आहे आणि बाहेर सगळं शांत. रेणुका अक्कांनी एक पद्धत घालून दिली. एकदा डोळे मिटले की व्हय, दोनदा मिटले की न्हाई. त्या एकेक विचारत जायच्या. तहान? पाठ? नाक? नाकावर मी व्हय म्हटलं आणि त्यांनी ओल्या कापसानं नाक पुसलं. पदकं मिळाली आहेत मला, पण असलं सुख नाही मिळालं.

आणि एक सांगते. ते यंत्र बाजूला सूं सूं करत माझा श्वास घेत होतं. छाती वर, छाती खाली. एवढं मोठं यंत्र, त्याला वीज, त्याला दिवे, त्याच्यावर नजर ठेवायला माणूस. आणि मी जन्मल्यापासून हे काम कुणीतरी आत बसून करत होतं. मी झोपले तेव्हा, मी पंचाशी भांडत होते तेव्हा, जीपमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसले होते तेव्हा. मला एकदाही सांगितलं नाही, एकदाही सुट्टी मागितली नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं आणि माझे डोळे भरून आले. रेणुका अक्कांना वाटलं दुखतंय. दुखत नव्हतं.

संघातल्या पोरी बघायला आल्या होत्या. दाराच्या काचेतून आत बघायला सगळ्या वाकल्या होत्या, आणि बाहेरचे लोक माझ्याऐवजी त्यांच्याकडेच बघत होते म्हणे. लीना मॅडम आत आल्या. त्यांनी माझ्या पायावर हात ठेवला आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "मी तुझ्या गाद्या उन्हात टाकल्या गं." एवढंच म्हणून रडल्या. त्यांचा काय दोष? मुंग्या तर मीच पाठवल्या होत्या त्यांच्याकडे.

बाटल्या

माझं औषध बाटल्यांतून यायचं. पाण्यासारखं दिसणारं, जरा फेसाळ. आईनं डॉक्टरांना विचारलं, हे कशाचं आहे.

"रक्तातून काढतात," डॉक्टर म्हणाले. "एका माणसाच्या नाही. हजारो माणसांचं रक्त एकत्र करून त्यातून एवढंसं निघतं."

"हजारो?" आई म्हणाली. "कोन हाएत ती?"

"कोण जाणे. कुठकुठली असतील."

"नावं न्हाईत?"

"नाहीत."

आई डॉक्टरांच्या जरा जवळ सरकली. मग हळू आवाजात तिनं विचारलं, "आन जात?"

"बाटलीत कशी कळणार, मावशी?"

आमचं घर बौद्ध. आईनं लहानपणी, तिच्या माहेरच्या गावात, ओंजळ धरून वरून ओतलेलं पाणी प्यालेलं आहे. हे तिनं मला आयुष्यात एकदाच सांगितलं, आणि सांगताना ती दुसरीकडे बघत होती. डॉक्टर गेल्यावर ती त्या टांगलेल्या बाटलीकडे बघत बसली. थेंब पडायचा, नळीतून उतरायचा, माझ्या हातात जायचा.

"प्रज्ञे," ती म्हणाली, "येवढ्या लोकानी रगत दिलं बग. आन कुनाच्या अंगात जायलंय म्हनून एकानं बी इचारलं न्हाई."

मी एकदा डोळे मिटले. व्हय.

ती माणसं कोण असतील याचा मी खूप विचार केला. करायला दुसरं होतंच काय? कुणी दुकानदार, कुणी कॉलेजातली पोरगी, कुणी माझ्यासारखाच जीप चालवणाऱ्याचा मुलगा. सकाळी हात पुढं करून, बिस्कीट खाऊन, कामाला निघून गेलेली माणसं. त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नाही की ती सगळी मिळून कलबुर्गीत एका लांब पायांच्या बाईला वाचवत होती. मला अजूनही गर्दीत उभं राहिलं की वाटतं, यातलं कुणी असेल का.

आत्या आणि अप्पा

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. ती डबा घेऊन आली आणि माझ्या डोक्याशी उभी राहून अप्पांना म्हणाली, "पोरीच्या जातीनं येवढ्या उड्या मारल्यावर शिरा तुटनारच की. आन आता लगीन कोन करंल हिच्यासंगं?"

अप्पांनी तिच्या हातातला डबा घेऊन खाली ठेवला. मग त्यांचा आवाज फुटला. "बास झालं. बरी झाली की टेबलावर बसंल. खेळ बंद."

त्यांनी ते रागानं म्हटलं नव्हतं. माझ्या बापाला माझी काळजी वाटत होती, आणि काळजी वाटली की आमच्याकडे पहिल्यांदा पोरीचं काहीतरी बंद होतं. मी दोनदा डोळे मिटले. पुन्हा दोनदा. पुन्हा दोनदा. दोघं एकमेकांकडे बघून बोलत राहिली. मी तिथंच होते आणि नव्हतेही.

आईचं लक्ष होतं.

"ती न्हाई म्हनायलीय," आई म्हणाली.

"कशाला न्हाई?" अप्पांनी विचारलं.

"तुमाला."

अप्पा बाहेर गेले आणि पुढं बरेच दिवस आत आले नाहीत. दवाखान्याच्या आवारात जीपमध्ये बसून असायचे. आई दोघांच्यात ये-जा करायची. वाचून दाखवणाऱ्याला इथं माझी विनंती आहे. मध्येमध्ये कागदावरून नजर काढा आणि त्या माणसाच्या डोळ्यांकडे बघा. कदाचित तेही काही म्हणत असेल.

उजवा अंगठा

एक दिवस चढणं थांबलं. मग काही दिवस काहीच झालं नाही. मग छातीत जोर येऊ लागला, नळी निघाली, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द आला तो घोगरा आणि रागीट होता. मी आत्याचं नाव घेतलं, असं रेणुका अक्का सांगतात. मला आठवत नाही. आईनं चमच्यानं ज्वारीची आंबील दिली आणि ती ठसका न लागता खाली उतरली. तो घोट मी अजून विसरले नाही.

मग एका सकाळी उजव्या हाताच्या अंगठ्याच्या टोकाला काहीतरी झालं. आधी वाटलं भास आहे. पुन्हा झालं. मी डॉक्टर येईपर्यंत दाराकडे डोळे लावून पडून राहिले.

"सर, मुंग्या," मी म्हणाले.

"आल्यात?"

"आल्यात."

ते माझा अंगठा हातात धरून तिथंच बसले. कुरतडलेलं कव्हर परत यायला लागलंय, ते म्हणाले. फार हळू येतं. डोक्याकडून पायाकडे येतं, त्यामुळे पाय शेवटी. मी त्यांना विचारलं, मी यात काय करू? "काही नाही," ते म्हणाले, "तू पड. ते चाललंय."

मला घाम गाळून मिळवायची सवय. दम लागल्याशिवाय काही मिळतं हे मला माहीतच नव्हतं. आणि इथं मी नुसती पडले होते, आणि आत, माझ्या लांबच्या लांब पायांच्या टोकापर्यंत, कुणीतरी तारेतारेवर कव्हर चढवत निघालं होतं. मी त्याला काय दिलं होतं कधी? माझं अंग, माझं अंग म्हणत मी मिरवत होते. माझं कसलं? मला तर त्यातलं काही करता येत नव्हतं. मी रोज सकाळी उठून नुसती बघायची, आज कुठवर आलं.

घरी आले ती खाटेवर. हाताला जोर यावा म्हणून व्यायामाच्या बाईंनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. आईनं तो बाजूला ठेवला आणि ज्वारीच्या पिठाचा गोळा माझ्यापुढं ठेवला. "दाबायचंच हाय तर हे दाब." आधी मळायला शिकले, मग थापायला. भाकरी थापताना बोटं किती बारीक काम करतात हे करून बघा म्हणजे कळेल. माझ्या पहिल्या भाकऱ्या फाटक्या, एका बाजूला जाड. आत्या त्या बघून म्हणाली, "आजारपनानं का व्हयना, पोरगी भाकरीला लागली." मी तीच भाकरी तिला वाढली.

अप्पा मला धरून अंगणात चालवायचे. ते खेळाचं बोलत नव्हते आणि मीही नव्हते. मग एकदा चालता चालता, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "तुज्या मॅडमचा फोन आल्ता. मी उचलला न्हाई."

मी थांबले.

"पुन्ना आला. मग उचलला. कवा येनार म्हनून इचारायल्या."

"काय म्हनलात अप्पा?"

"काय म्हनतो? म्हनलं, तिलाच इचारा." त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "चल, पाय उचल. फरफटू नको."

भिंत

आईला घेऊन मी बंगळूरला परत गेले. जिना चढायचा, उतरायचा, उन्हातून चालायचं, हळू पळायचं, पडायचं. पोरी सराव करत आणि मी कोपऱ्यात एका पायावर उभी राहायला शिकत. उजवा पाय दमला की अजूनही थोडा खाली ओढला जातो. तो तसाच राहील असं सांगितलंय. टेबलावरची माझ्या नावाची पाटी मात्र आता वापरात आली होती. मी तिच्यामागं बसून फायलींना दोरे बांधत होते आणि मला वाटत होतं, झालं, इथंच.

मग लीना मॅडम म्हणाल्या, "मला उडी दाखव. मग ठरवू."

आमची चाचणी साधी असते. बोटांच्या टोकांना खडू लावायचा. भिंतीला लागून उभं राहून हात जेवढा वर जाईल तिथं टेकवायचा. एक खूण झाली. मग जागच्या जागी उडी मारून पुन्हा हात टेकवायचा. दुसरी खूण. दोन्हींच्या मधली जागा म्हणजे तुमची उडी.

मी पहिली खूण केली. ती पूर्वीइतकीच उंच होती. उंची काही आजारानं कमी केली नव्हती. मग गुडघे वाकवले. तो कलबुर्गीचा क्षण माझ्यापुढं उभा राहिला, हात वर गेलेले आणि पाय जमिनीला चिकटलेले. मला खरंच वाटलं की आत्ताही तसंच होणार. मी दोनदा वाकून परत सरळ झाले. पोरींनी चेंडू आपटायचे थांबवले होते. तिसऱ्या वेळी मी वाकले आणि मारली उडी.

उतरताना उजवा पाय डगमगला, पण पडले नाही. वर बघायला मला धीर होईना. मॅडम बघत होत्या.

"पूर्वीच्या अर्धीसुद्धा नाही," शेवटी वर बघून मीच म्हणाले.

"पूर्वीचं कोण विचारतंय?" त्या म्हणाल्या. "बेंचवर बसशील. पण संघाचे कपडे घालून." आणि शिट्टी वाजवून त्या बाकीच्यांवर ओरडायला निघून गेल्या. मी भिंतीला हात लावून उभी राहिले.

आई इतका वेळ पायऱ्यांवर बसली होती. तिनं मला खेळताना कधी पाहिलं नव्हतं. सामने लांब, घरची कामं, राहूनच गेलं. ती चपला हातात घेऊन लाकडी कोर्टावरून चालत माझ्याजवळ आली आणि मान मागं टाकून वर बघायला लागली.

"ही खालची खून कशाची?"

"उभी राहून हात लावला ती."

"आन वरली?"

"उडी मारून लावली."

"मंजी ह्या दोनीच्या मदी..." ती थांबली. "तवा तुज्या पायाखाली काय व्हतं?"

"काही नव्हतं."

"काईच न्हाई?"

"काईच न्हाई, आई."

तिनं चपला खाली ठेवल्या. "मला दाव. उचल मला."

मी तिला कमरेला धरून उचललं. तरी तिचा हात पोचेना, म्हणून तिला आणखी वर, माझ्या छातीपर्यंत घेतलं. तिनं हात लांब केला आणि दोन खुणांच्या मधल्या कोऱ्या भिंतीवर तळहात टेकवला. तिथं काहीच नव्हतं, नुसता चुना होता. आई त्यावरून हात फिरवत राहिली, खाली, वर, पुन्हा खाली. माझे दंड भरून आले, पाय लटपटायला लागले. तिनं अजून खाली ठेव म्हटलं नव्हतं, म्हणून मी तिला तशीच धरून राहिले.